दत्ताच्या टेस्ट लाल का झाल्या?

दत्ता गेला आणि आठवड्याच्या आत त्याच्या टेस्ट फेल झाल्या.

माणूस जातो हे एकवेळ पटेल. पण त्याच्यामागोमाग त्याचा कोड कसा काय बिघडतो? मला कळेचना.

दत्ता आमच्या मिरजेच्या ऑफिसचा प्रोग्रॅमर, पण काम करायचा कडेगावातून, घरूनच. हॉस्पिटलचे रिपोर्ट एन्क्रिप्ट करणारा, म्हणजे कुलूप लावून पाठवणारा भाग त्यानंच लिहिलेला. बिल्डही, म्हणजे कोड जोडून त्याच्या टेस्ट घेणं, त्याच्याच पीसीवर चालायचा.

धडधाकट गडी. हार्ट अटॅक. अजून डोक्यात शिरत नाही.

सुतकाच्या घरात पीसी मागायला कोण जाणार? आम्ही ऑफिसात नवं मशीन बसवलं. हार घातला, नारळ फोडला.

पहिलाच बिल्ड. एन्क्रिप्शनच्या सगळ्या टेस्ट लाल, म्हणजे फेल!

साहेब म्हणाले, "दत्तानं जाता जाता घोळ घातलेला दिसतोय. त्या टेस्ट बंद कर आणि पुढं जा."

माझं डोकंच फिरलं. फोन उचलला आणि सरळ दत्तालाच लावला.

खरंच. सवयीनं.

त्याच्या वडिलांनी, आबांनी उचलला. मी तोंडाला आलं ते बोललो, "आवं आबा, टेस्ट फेल होत्यात."

"थांब रं, देतो त्याच्याकडं," आबा म्हणाले.

तेही सवयीनंच.

मग भानावर येऊन त्यांनीच विचारलं, "त्याची काय चूक झाली व्हती का रं?"

"ठाऊक न्हाई, आबा."

टेस्ट काही मी बंद केल्या नाहीत. त्याच्या कोडची ओळन् ओळ वाचली. कुठंच खोट नाही. मग हा गोंधळ कसला?

शेवटी सापडलं. नव्या मशीनवर एन्क्रिप्शनची लायब्ररीच, म्हणजे दत्ताचा कोड ज्याच्या जोरावर कुलूप लावतो तो तयार संचच, टाकलेली नव्हती. हार आठवला, नारळ आठवला, नेमकी तीच राहिली. इथं कुलूपच लागत नाही, एवढंच टेस्ट बिचाऱ्या ओरडून सांगत होत्या.

लायब्ररी टाकली. सगळं हिरवं.

आज तेराव्याला कडेगावला गेलो. पंगत बसलेली, आबा मात्र जेवायला न बसता नुसते उभे. म्हटलं, "आबा, दत्ताची चूक नव्हती. आमची व्हती."

"मला ठाऊक हाय. पर जरा चारचौघांत सांग की. तुमचा सायेब बी आलाय."

पंगतीत उभा राहून मोठ्यानं सांगितलं. निम्म्यांना काय कळलं कुणास ठाऊक. साहेबांनी मान खाली घातली.

आबा पाटावर बसले. म्हणाले, "वाढा आता मला."

निवांत जा दत्ता. लय आठवण येती रं गड्या.