दोन सीटांवर गेलो, एका सीटवर आलो

शेंद्र्याहून शहर लई लांब नाय, बस लागली तर अर्धा-पाऊण तास, पण त्या सकाळी मला ते परमुलखासारखं वाटलं. आदल्या दिवशी माझा भाऊ गणेशदादा आमच्या खोलीखालच्या दुकानात माझा फोटो दाखवून विचारत व्हता, ही इथं राहती का. दुकानदारानं नाय म्हणलं आन् वर येऊन मला सांगितलं. मी पाचोडची, मराठा शेतकऱ्याची पोरगी, नवरा मिलिंद बौद्ध समाजाचा. पळून लग्न केलं तवा दादा फोनवर म्हणला व्हता, सापडलात तर जित्तं ठेवत नाय. आता तर तिघं झालोत, पोरगी सात महिन्यांची. म्हणून पोलिसांकडं संरक्षण मागायला निघालो.

बसमधी मिलिंद पुढं, मी मागं, वळखच नसल्यावानी. कुणी पाहिलंच तर एकच सापडावा, असं त्याचं म्हणणं. पोरगी मात्र त्याच्या पाठीकडं बघून "बा, बा" करायला लागली, तिला कोण सांगणार. मी तिला पदराखाली घेतलं.

शेजारची मावशी म्हणली, "बापाची आठवण यायली वाटतं. कुठं असतोय?"

"लांब," म्हणलं. तो चार सीट पुढं व्हता.

फोटो आन् झेरॉक्ससाठी शहागंजात उतरलो. कापडाची, भांड्यांची दुकानं, हातगाड्या, आन् त्या गर्दीत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पाय घासत फोटोवाल्याकडं गेले तर तो म्हणतो, "ताई, डरो मत, कॅमेरा है." तरी फोटोत मी अशी आलेय जशी काय चोरी करून आले.

मंग पोलिसांच्या मोठ्या ऑफिसात गेलो. तिथल्या पोलीस मॅडमनी मला एकटीलाच आत घेतलं, मिलिंदला दुसऱ्या खोलीत.

"कुणी जबरदस्ती केली का?"

"नाय."

"शिक्षण?"

"आठवी."

"मग अर्ज तुझ्या हातानं लिही."

समदं लिहिलं, पण 'कोणापासून धोका' हा रकाना मी तसाच सोडला. मॅडमनी त्यावरच बोट ठेवलं.

"घरच्यांकडून धोका हाय, मॅडम."

"घरचे म्हणजे कोण? नोटीस कुणाला धाडू, वाऱ्याला? बाहेर बस, विचार कर. नावाशिवाय अर्ज घेता येत नाही. पाचला मी उठते."

बाहेर बाकड्यावर बसले. अर्ज नाय घेतला तर परत शेंद्रा, आन् शेंद्र्यात दादा. पण नाव लिहू कसं? शाळेत जायच्या आधी दादानंच माझा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली व्हती, आन् पहिलं नाव त्यानं स्वतःचंच शिकवलं व्हतं. आठवीनंतर शाळा बंद केली ती बी त्यानंच.

बाकड्यावर एक बाई व्हती, काळा बुरखा, मांडीवर माझ्या पोरीएवढंच लेकरू. तिचं नाव अमल, येमेन देशाची. नवरा शिकायला आला आन् मागं तिकडं लढाई पेटली. दिल्लीला जाऊन तिनं निर्वासिताचा अर्ज केला व्हता (आपल्या मुलखात जीव वाचत नाय, इथं राहू द्या, असा अर्ज), त्याची कागदं बाहेरदेशी लोकांच्या खिडकीवर दाखवायला आली व्हती. तिनं डबा उघडला. नान-खलिया, म्हणजे मोठी मऊ रोटी आन् मटणाचा लालभडक रस्सा. सकाळपासून पोटात काय नव्हतं, मी दोन नान खाल्ले.

माझा कागद बघून तिनं विचारलं, ही जागा रिकामी का, तिला मोडकं मोडकं हिंदी येत व्हतं. मी सांगितलं.

"मेरे को भी दिल्ली में पूछे, किस से डर? मैं बोली, सब से. वो बोले, सब का नाम नहीं होता."

"फिर किसका नाम दिया?"

"मामू का. अब वो बंदूकवालों के साथ. बचपन में कंधे पे बिठाते थे." तिनं माझ्या पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "लिखो. मैं दोनों को पकड़ती."

पावणेपाचला मी लिहिलं. गणेश, वडिलांचं नाव, आडनाव, गाव पाचोड. नात्याच्या जागी, सख्खा भाऊ.

मॅडमनी वाचलं. "अक्षर चांगलं आहे. कुणी शिकवलं?"

मी त्या नावावर बोट ठेवलं. मॅडमनी कागदावर शिक्का मारला. बाहेर आले तर खिडकीपाशी अमल तिचा शिक्का मारलेला कागद हलवत व्हती, आन् आम्ही दोघी येड्यावानी हसलो.

महिनाभर आम्ही सुरक्षागृहात राहिलो (आमच्यासारख्या जोडप्यांना सरकार देतं ती राहायची जागा). दारात पोलीस. दादाला नोटीस गेली. तो आला, मॅडमपुढं लिहून दिलं, यांच्या वाटंला जाणार नाय, आन् खाली सही केली.

मंग मी मिलिंदला म्हणलं, आता मला पाचोडचा बाजार बघायचाय. तो म्हणला, "येडी हायेस." पण आला. जाताना बी पोलीस ठाण्यात सांगून गेलो.

बांगडीवाल्या चाचीनं हात धरताच वळखलं. "कित्ती दिसांनी गं. कुणाकडं दिली तुला?"

दोन दुकानं सोडून दादा उभा व्हता, हातात मेथीची जुडी. मी मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं म्हणलं, "दिली नाय चाची, मी केलं. वैशाली मिलिंद साळवे. राहणार शेंद्रा."

दादानं माझ्याकडं बघितलं, मंग पोरीकडं, लई वेळ. मंग पिशवी उचलून दुसऱ्या गल्लीनं गेला. वाट त्यानं बदलली, मी हिरव्या बांगड्या भरून घेतल्या.

परतीच्या बसमधी आम्ही एकाच सीटवर बसलो. पोरगी "बा, बा" करत व्हती. मी तिला करू दिलं.