आधी मान्यवर

आमच्या कॉलेजात स्पॅनिश आणि वक्तृत्व असे दोन्ही वर्ग करणारा मंद्रूप गावचा हा विद्यार्थी हजेरीलाही उभा राहून "आदरणीय मॅडम, उपस्थित" म्हणतो. कँटीनमध्ये चहा मागण्याआधी तो मालकाचे आभार मानतो. वर्गांच्या याद्या आणि परीक्षेची घंटा माझ्याकडे असते.

परवा तोंडी परीक्षा होती. आपल्या गावावर स्पॅनिशमध्ये पाच मिनिटं बोलायचं, घंटा झाली की थांबायचं. गावाचा उल्लेख राहिला तर नापास.

"गावाबद्दल तयारी झाली का?" मी विचारलं.

"व्हय की मॅडम, लई झाली. पण आधी मान्यवर घेतो."

त्याने प्राचार्यांपासून शिपाईमामांपर्यंत सगळे मान्यवर घेतले. प्राचार्यांना स्पॅनिश येत नाही, पण स्वतःचं नाव ऐकून ते दोनदा डोलले. पाच मिनिटं संपत आली, तरी मंद्रूपचा पत्ता नव्हता. आधीच्या मुलीला मी वाक्याच्या मध्येच थांबवलं होतं. मी घंटेकडे हात नेला, तेवढ्यात त्याने माझं नाव घेतलं आणि पुढे तीन विशेषणं जोडली. अर्थ कळला नाही, कौतुक कळलं.

मंद्रूप आठव्या मिनिटाला आलं.

वेळेच्या तक्त्यात मी त्याच्या नावापुढे नेमकी पाच मिनिटं लिहिली.