चक्कीवरची टोपली

कुंदाबाईच्या हातात पैसा टिकत नाही असं कोणी म्हणू नये. तिच्या हातात तो येतच नाही! समोरच्यानं खिशात हात घातला रे घातला, की ही बाई दोन्ही हात हलवून म्हणते, "ठेव रे बाबा तुह्यापाशी." चुलीपाशी बसलेल्या बाईला हे शोभून दिसतं. पण त्या आठवड्यात कुंदाबाई चक्कीवर बसली होती आणि तिथंच सगळा घोळ झाला.

चक्की सून नीतूची. आमगावच्या पलीकडे डांबरी रस्ता जिथं दमून संपतो, त्याच्याही पुढं यांचा टोला, म्हणजे लहानशी वस्ती. पूर्वी बस यायची, ती कधी बंद झाली कोणाला कळलंसुद्धा नाही. वीज आहे, पण दिवस कलला की ती इतकी मलूल होते की पंखासुद्धा फिरू की नको करत बसतो. तरणी पोरं हैदराबाद नाहीतर रायपूर गाठतात. गावच्या विकासावर भाषणं करणारे मंडपात येऊन गेले, हार घालून घेऊन गेले, आणि लोक पुन्हा सायकलला पोतं बांधून आमगावला दळायला निघाले. गावचाच धान, गावचाच गहू, आणि दळण मात्र परगावी!

नीतू आमगावची. बाप दुकानदार, त्यामुळे धंद्याचं डोकं उपजतच, आणि बोलता बोलता हिंदीत शिरायची सवय. तिनं बचत गटाची मदत घेऊन अंगणातल्या छपरीत चक्की बसवली. एका बाजूला पीठ, दुसऱ्या बाजूला धानाची भरडाई, म्हणजे साळ भरडून तांदूळ. वीज धड असते तेवढ्या सकाळच्या वेळात ती चालवायची.

हे सगळं कोणासाठी? तर नवऱ्यासाठी, म्हणजे कुंदाबाईच्या मोहितसाठी. मोहित हैदराबादला विजेच्या मोटारींच्या वाइंडिंगच्या कामावर होता. फोनवर त्यानं साफ सांगून टाकलं होतं, "मंडईपर्यंत पाहू. चक्कीवर घर चालत असन त मी येतो परत. नाही त तू पोरीले घेऊन इकडं ये."

दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडारीचं नाटक रात्रभर रंगतं, बाहेर गेलेली पोरं घरी येतात. त्या मंडईवर कुंदाबाईचा सगळा जीव टांगलेला. एक तर लेक घरी येणार, नाहीतर सून आणि छोटी पुष्पांजली घरातून जाणार. मग त्या घरात बोलायला उरणार कोण? गोठ्यातली म्हैस!

तरीसुद्धा ही बाई काय करून बसली, ऐका.

नीतूची आई आजारी पडली म्हणून नीतू आठवडाभर पोरीला घेऊन माहेरी गेली. परत आली तर छपरीत पिठाचा थर, जमिनीवर कोंडा, म्हणजे चक्की दणकून चाललेली. तिनं खुशीत पैशाचा डबा उघडला. आत सुपारीचं खांड आणि एक सेफ्टी पिन.

"आई, पूरा गाव दळून गेला अन् डब्बा खाली?"

"कोणाचे घेऊ वो?" कुंदाबाई म्हणाली. "सुशिलाबाई माह्या माहेरची. कवडूनं तुह्या सासऱ्याले खांदा देल्ला. गुलाबचंद मले बहीण मानते, राखी बांधतो मी त्याले. घरच्या लोकायपासून दळणाचे पैसे घेऊ काय?"

"अन् लाइटचं बिल कोण भरते, गुलाबचंद मामा?"

नीतूचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "तुमाले मोहितले बुलवायचं आहे का नाही, ते सांगा ना एकदा!"

ती पदरात तोंड घालून आत निघून गेली. कुंदाबाई छपरीतच बसून राहिली. लेकाची वाट आपणच अडवून बसलो, हे तिला तेव्हा कळलं. कळलं, पण तोंडाचं काय करायचं? साठ वर्षं जे तोंड 'ठेव तुह्यापाशी' म्हणत आलं, ते एकदम 'पैसे काढ' कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं प्रयत्न केला बिचारीनं. सुशिलाबाई धानाची टोपली घेऊन आली. भरडून झालं. कुंदाबाईनं घसा खाकरला. "सुशिला, पैसे..."

"काय वो?"

"पैसेवाले झाले म्हंतो तुमचे पोट्टे."

"कायचे पैसेवाले! तोंड काऊन असं करून राहिली? पोट दुखते काय?"

झालं. कुंदाबाईला रडूच कोसळलं. लहान पोरीसारखी हुंदके देत तिनं सगळं सांगितलं. डबा, नीतू, मंडई, आणि मोहित नाही येणार वो मंग.

सुशिलाबाई कंबरेवर हात ठेवून ऐकत होती. ऐकून झाल्यावर भडकली. "अवो, मंग सांगाले काय झालं होतं तुले? मी रोज पदराले पैसे बांधून येतो अन् रोज वापस नेतो! देल्ले त तुले राग येईन, कुंदीले परकं केलं म्हणशीन, म्हणून हात मागं घेतो."

घ्यायला ही लाजत होती, द्यायला ती लाजत होती, आणि दोघींच्या लाजेपायी चक्की बुडत होती.

मग सुशिलाबाईनं खाली वाकून आपल्या तांदळातून दोन्ही हातांचा पसा भरला आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या टोपलीत टाकला. "तुह्या मायच्या अंगणात मोठं जातं होतं, आठवते काय? आमच्या माया तिथं दळाले जात. उठताना टोपलीत पसा टाकूनच उठत. ती काही किंमत नोहे. ज्या घरचं जातं, त्या घरची टोपली खाली ठेवू नये."

कुंदाबाईचे हात सवयीनं हलायला उठले होते. सुशिलाबाईनं ते धरून खाली बसवले.

गावात ही गोष्ट दुपारपर्यंत पोचली, अर्थात सुशिलाबाईच्या कृपेनं. मग जो आला तो, कुंदाबाई 'ठेव तुह्यापाशी' म्हणत असतानाच, पसा टाकून गेला. कवडूचे हात फावड्याएवढे, त्याचा पसा पाहून बायका हसल्या. गुलाबचंदनं टाकला आणि वर म्हणाला, "बहिणीले ओवाळणी आता दर दळणाले!" ज्याला पैसेच सोपे वाटले त्यानं टोपलीत पैसे टाकले, तांदळात पडलेले पैसे कुंदाबाईला दिसत नव्हते म्हणा, किंवा ती पाहत नव्हती म्हणा. नीतू गोण्या भरून तांदूळ आमगावच्या बाजारात विकू लागली. घर धनवान झालं नाही. पण बिल भरलं जाऊ लागलं, आणि पुष्पांजलीला शेवचिवडा येऊ लागला.

मंडईला मोहित आला. कुंदाबाईनं त्याला काही विचारलं नाही, विचारायचा धीरच नव्हता. वडे केले, दंडार पाहिली, आणि लेक झोपला की दाराशी ठेवलेल्या त्याच्या बॅगेकडे ती चोरून पाहायची. मोहित दोन दिवस नुसता पाहत होता. लोक येतात, बसतात, पसा टाकून उठतात. मधेच चक्कीची मोटार घुरघुरायला लागली, तर त्यानं ती उघडून दुरुस्त केली. शेजारचा म्हणाला, माह्या शेतातली मोटार जळली, तीबी पाहतोस काय? त्यानं तीही पाहिली.

परतीच्या दिवशी सकाळी त्यानं घरच्या कोठीतला धान काढला आणि स्वतः भरडायला बसला. कुंदाबाईची नजर दाराशी ठेवलेल्या बॅगेकडं गेली. सोबत न्यायला तांदूळ करून राहिला, म्हणजे चालला!

भरडून झालं. मोहितनं मायकडं पाहिलं, पसा भरला आणि टोपलीत टाकला.

"अरे, आपल्याच घरची चक्की होय ना," ती म्हणाली. "तू कायले टाकून राहिला?"

"सगळेच टाकतेत," मोहित म्हणाला. "मी बी गावातलाच आहो ना आता."

मागं नीतू उभी होती, तिनं आत जाऊन दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि माळ्यावर टाकून दिली.

कुंदाबाईनं टोपली पुढं ओढून मांडीवर घेतली. लेकानं टाकलेल्या तांदळावर ती हात फिरवत राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं कोणाला 'ठेव तुह्यापाशी' म्हटलं नाही.