दुपट्ट्याखालचा भाव

खांद्यावरचा दुपट्टा काढायचा, समोरच्याच्या हातावर पसरायचा आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा. तोंडानं बोलायचं नाही, कारण शेजारच्या दुकानाचे कान लांब. इतवारीच्या ठोक बाजारात तुमचं जाणं असेल तर काकांना तुम्हीही पाहिलं असेल. सौदा जमला की दुपट्टा झटकून ते म्हणायचे, "गिऱ्हाइकाचं घर कोणी जाळते का जी?"

नवख्या माणसाला वाटायचं, आपल्याबद्दलच बोलतायत. पण काका हे पाकिस्तानबद्दल म्हणत असत: ज्याच्याशी धंदा चालतो, तो लढाई कशाला करेल?

त्यांचा खारकेचा ठोक व्यापार होता आणि खारीक यायची सीमेपलीकडून. तिथला एक व्यापारी त्यांना दरवर्षी दुबईच्या बाजारात भेटायचा. पहिल्या भेटीत त्यानंही रुमालाखाली हात घातला, याचं काकांना कोण कौतुक! "आपल्यासारखीच बोटं दाबते मास्तर, तो!"

मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला, म्हणजे वाद घालायला पूर्ण मोकळा. संध्याकाळी त्यांच्या गादीवर बसून मी टोकायचो, "काका, इंग्रज कंपनीवालेही तराजू घेऊनच आले होते. मग सीताबर्डीचा किल्ला कोणी घेतला?"

"ते गिऱ्हाईक नव्हते जी. ज्याले लुटाचं असते तो भाव करत नाही," काका ठामपणे म्हणायचे. "त्याच्या झाडाची खारीक आपल्या बाळंतिणीच्या लाडवात जाते. मंग तो काहून गोळी झाडंल?" माझ्याकडे यावर चांगलं उत्तर होतं. पण तेवढ्यात चहा यायचा आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांचंच खरं व्हावंसं वाटायचं.

मग त्यांचा नातू फौजेत भरती झाला. पोरगं दुकानावर बसेल अशी त्यांची आशा होती.

पुढे दोन्ही देशांचं बिनसलं आणि मालाची वाट बंद झाली. बाकीच्यांनी दुसरीकडची खारीक भरली. काकांनी गोदामातला एक कोपरा मात्र त्या व्यापाऱ्याच्या ठरलेल्या मालासाठी झाडून रिकामा ठेवला. दुपट्ट्याखाली झालेला सौदा मोडायचा तर दोघांनी पुन्हा समोरासमोर हात मिळवूनच मोडायचा, ही त्यांची जुनी रीत. मुलगा वैतागायचा, "बाबा, दिवाळीचा माल का डोक्यावर ठेवू?" काका म्हणायचे, "त्याची जागा हाये ते."

मग गोळीबार सुरू झाला. नातू सीमेवरच होता. पलीकडचा व्यापारी काकांचा फोन उचलेना. आणि इथे काकांनी ती चूक केली, जी हाडाचा व्यापारीच करू जाणे.

"गप बसला म्हंजे भाव मागून राहिला तो," ते म्हणाले, आणि वाट उघडताच चढा भाव देतो असा निरोप त्याला मोबाइलवर बोलून पाठवला. मुलगा आणि मी हसलो.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. काकांनी मोबाइल माझ्या कानाला लावला. दमलेला आवाज होता. "सेठ, भाव की बात नहीं है. बेटा सरहद की चौकी पर है. दुआ करना."

काकांनी मोबाइल तोंडाजवळ धरून एवढंच सांगितलं, "मेरा पोता भी वहीं है." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मी इकडं भाव वाढवून राहिलो होतो जी, मास्तर." त्या दिवसानंतर त्यांचं ते गिऱ्हाइकाचं वाक्य मी कधी ऐकलं नाही. वादात जिंकल्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही.

गोळीबार थांबला. नातू सुखरूप घरी आला. काकांनी गल्लीभर संत्रा बर्फी वाटली, हमालांना, चहावाल्याला, सगळ्यांना. शेवटी माझ्याजवळ येऊन बसले.

"त्याचं पोरगं आलं असंल का जी घरी?"

"फोन करून विचारा ना."

"अन् नसंल आलं तं? माहा आला, हे कोणत्या तोंडानं सांगू त्याले?"

त्यांनी फोन केला नाही. रोज संध्याकाळी मोबाइल हातात घ्यायचे आणि परत गादीखाली सरकवायचे. तिकडूनही फोन आला नाही. या हिवाळ्यात काका झोपेतच गेले.

त्यांच्या तेरवीच्या दिवशी दुकानात बसलो होतो. गोदामातला कोपरा अजून रिकामाच होता. काकांचा मोबाइल वाजला. पलीकडच्या व्यापाऱ्याचं नाव पाहून काकांच्या मुलानं तो माझ्याच हातात दिला, "मास्तर, तुम्हीच बोला."

काका गेल्याचं मी सांगितलं. तो हळूच म्हणाला, "सेठ का पोता... घर आया?"

"हाँ, आ गया," मी म्हणालो.

"शुक्र है."

आता त्याच्या मुलाचं विचारायची पाळी माझी होती. मी फोन कानाला धरून रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत राहिलो. तोही फोन ठेवीना.