डब्यातली मूठ

आमच्या करी रोडच्या चाळीत भात शिजवण्याआधी प्रत्येक घर मूठभर तांदूळ बाजूला काढून डब्यात टाकायचं. बुधवारी संध्याकाळी मावशी पिशवी घेऊन दारोदार यायची. ती गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती, एकटी बाई, बोलायला फटकळ. डबा तिच्या पिशवीत पालथा करायचा, तोही दारात, सगळ्या गॅलरीसमोर. जमलेले तांदूळ त्या आठवड्यात ज्या घरी चूल अडली असेल तिथे जायचे. कोणी याला दानधर्म म्हटलं असतं तर मावशीने त्याला जिना दाखवला असता.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात बाबांना पकडलं आणि ती पिशवी तांदूळ द्यायला आमच्या दारात आली. आई अडून बसली.

"माजी मूठ घेत असशात तरच हे तांदूळ ठेवा," ती म्हणाली. "नायतर चेडवाक घेवन मी बोटीन गावाक जातलंय."

मावशी म्हणाली, "घेईन गो बाई, घेईन. डोकं नको खाऊस."

माझं तर धाबंच दणाणलं. माझी सातवीची परीक्षा तोंडावर होती. आईने मला गावाला नेलं असतं तर शाळा संपली, पुढच्या वर्षी लग्नच. आणि आई बोलली की ते करणारी बाई. म्हणजे माझं मुंबईत राहणं आता मूठ टाकायच्या त्या वनस्पती तुपाच्या डब्यावर येऊन ठेपलं.

मला त्या तांदळाचा मनस्वी राग यायचा. दहा घरचा तांदूळ! कोणाचा उकडा, कोणाचा कोलम, कोणाचा रेशनचा जाडा. एकाचा गाळ होईस्तोवर दुसरा कच्चाच. वर आई त्यातूनच रोज मूठ काढायची. मी चिडून म्हणायचे, "अगं, आपल्यालाच दिलेलं परत कशाला देतेस? वेडी आहेस का?" ती मूठ डब्यात टाकून झाकण लावायची.

परीक्षेचा पहिला पेपर नेमका बुधवारी आला. मावशीने दिलेले तांदूळ आदल्या दिवशीच संपले होते. आई पहाटे खानावळीत भाकऱ्या थापायला गेली, जाताना म्हणाली, चहा पिऊन जा. मी चहा प्यायले. पोटात कावळे ओरडत होते. मग मुठीच्या डब्यातून एक मूठ काढली, पेज करू म्हटलं. एका मुठीने काय होतंय? दुसरी काढली. शेवटी डबाच पालथा केला. दाताखाली कच्चं लागत होतं तरी सगळी पेज प्यायले आणि पेपरला गेले. पेपर लिहिताना डबा आठवलाही नाही, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी मावशीची हाक ऐकली तेव्हा कुठे डबा आठवला. गॅलरीत बायका वेण्या घालत बसल्या होत्या. आईने डबा उचलला. तिला हातातच कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. आई डबा धरून उंबऱ्यात तशीच उभी राहिली. तिचं तोंड इतकं उतरलेलं मी बाबांना पकडून नेलं तेव्हाही पाहिलं नव्हतं.

मावशीने एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

"झाकण बसलं वाटतं घट्ट. आण इकडे," असं म्हणून ती डबा घेऊन आत आली, गॅलरीकडे पाठ केली. आपल्या पिशवीतून मूठभर तांदूळ घेऊन डब्यात टाकले. मग दारात जाऊन तोच डबा खर्रकन पिशवीत पालथा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोचली हो मूठ!"

तिने आमच्या वाटणीचे तांदूळ ठेवले आणि पुढच्या दाराशी गेली. मी मार खायची तयारी करून उभी होते.

आईने विचारलं, "पेपर बरो गेलो मा?"

मी हो म्हटलं आणि मला रडूच फुटलं. आईने तांदूळ सुपात घेतले. आधी आपली मूठ काढून डब्यात टाकली. मग माझा हात धरला, तांदळात घातला, मूठ वळवली आणि डब्यावर नेऊन उघडली.

"ही मावशीची," ती म्हणाली. "आता धू ते तांदूळ."