डाळ निवडायच्या खोलीतला वारा

आमच्या पत्रकात तिसरी मागणी होती: 'निवडकाम करणाऱ्या महिलांसाठी तातडीने कूलर बसवा.' पहिल्या दोन मागण्या आता मला नीट आठवतही नाहीत. तिसरी आठवते, कारण तेवढी एकच मान्य झाली, आणि तिनेच घात केला.

माझी मावशी अकोल्याला जुन्या शहरात राहते आणि एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये तूरडाळ निवडते. मशीन आहे तिथे, पण शेवटचा हात बायकांचाच. वीसेक बाया खाली पोत्यांवर बसतात, पुढ्यात ताट, आणि त्यातून काळा दाणा, खडा, टरफल वेचत राहतात. वर टिनाचं छत. तीन खिडक्या, तिन्ही कबुतरं येतात म्हणून पत्रा ठोकून बंद केलेल्या. भिंतीच्या पलीकडे डाळ वाळवायचा ड्रायर.

मी अमरावतीला शिकत होते आणि बारावीपासून पत्रकं लिहीत होते. आमच्या विद्यार्थ्यांच्या गटात मला पत्रकाची रीत शिकवली होती. पहिल्या परिच्छेदात राग, दुसऱ्यात मागण्या, आणि मागणी अशी की समोरच्याला हो किंवा नाही एवढंच म्हणता यावं. लिहायच्या आधी 'लोकांत जाऊन या' असंही शिकवलं होतं. म्हणून मी अकोल्याला गेले, दहा मिनिटं त्या खोलीत उभी राहिले, आणि मावशीला विचारलं, त्रास काय आहे?

मावशी म्हणाली, "गरमीचं काई नाई बाई. गरमी तं जलमापासूनच हाय. तिथं वारा नाई. अंग वाळत नाई."

मी ते वहीत लिहून घेतलं. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत त्याचं झालं होतं: 'असह्य उष्णतेत महिलांना राबवले जात आहे.' भारदस्त वाटलं. 'वारा नाही' याची घोषणा होत नाही. कूलरची होते. कूलर मोजता येतो, त्याचा फोटो काढता येतो.

चैत्रात मिलच्या शेठने दोन कूलर आणले. आम्ही मोबाईलवर फोटो फिरवले, एकमेकांचं अभिनंदन केलं. फोटोत दिसत असलेली गोष्ट आमच्यापैकी कुणालाच दिसली नाही: दोन्ही कूलर खोलीच्या आत ठेवलेले होते, आणि दार लोटलेलं होतं. आपल्याकडे घरोघरी हेच ऐकू येतं, दार लाव, थंडावा बाहेर जाते. मीही तेच ऐकत मोठी झाले. मे महिन्यात दुपारी आमच्या घरी दार उघडं टाकणाऱ्याला आई शिव्या देते.

आठवड्यात खोलीला कुबट वास यायला लागला. बायांची लुगडी अंगाला चिकटली ती सुटेनात. ते शेठने चालवून घेतलं असतं. पण डाळ ओलसर पडली, ताटात तिचे गोळे व्हायला लागले, आणि ते काही त्याने चालवून घेतलं नाही. कूलर बंद केले, आणि बिनकूलरचं बसवलं तर पुन्हा पत्रक निघेल म्हणून हातनिवडही. पाऊस पडला की या, म्हणाला.

मावशीचा फोन आला तेव्हा मी दुसरं पत्रक लिहायला घेतलं होतं.

"काय करून राहिली?" तिने विचारलं.

"लिहितेय. त्याला सोडणार नाही आपण."

"अजून एक कागद?" मावशी म्हणाली. "पह्यल्याच कागदानं आमी वीस जणी घरी बसलो. आता शेठ थो वाचून आमाले गावातून काढते काय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते. ती मला समजावत होती, लहान मुलीला समजावतात तसं. मी कागद ठेवून दिला.

त्याच पावसाळ्यात मी अमरावतीला एका प्रशिक्षण केंद्रात नाव घातलं. हीटिंग, व्हेंटिलेशन आणि एअर कंडिशनिंग, कमी मुदतीचा कोर्स. अशा कोर्सांविरुद्ध मी स्वतः पत्रक लिहिलेलं होतं, की सरकार नोकरी देत नाही, दाखला देतं. त्यातला शब्दही मी मागे घेत नाही. माझ्या बॅचमधले निम्म्याहून जास्त जण आजही कामाच्या शोधात आहेत. पण मला नोकरी नको होती. त्या खोलीत नेमकं काय झालं, ते मला कळायला हवं होतं.

शिकवणारे सर पन्नाशीचे. उभं आयुष्य दवाखान्यांच्या आणि मॉलच्या छतात हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट बसवण्यात गेलेलं. मराठी ठणठणीत वऱ्हाडी. पहिल्याच दिवशी त्यांनी हीटिंगचा धडा काढला तशी वर्गात खसखस पिकली. धारणीकडचा एक मुलगा म्हणाला, "सर, चिखलदऱ्याच्या हॉटेलात गिझर लावता येते, थे समजलं. पण अमरावतीत हीटिंग? इथं सूर्यच फुकटात करून देते."

सर हसले नाहीत. "गरमी आणणं न् गरमी काढणं, धंदा एकच हाय. गरमी कुठून येऊन राहिली हे ज्याले पाह्यता येत नाई, त्यानं जन्मभर कूलरचं गवत बदलत बसावं."

आधी हात शिकले. पत्रा आखायचा, कात्रीने कापायचा, कडा दुमडून एकमेकीत अडकवायच्या, वरून लाकडी हातोड्याने बसवायच्या. पहिल्या महिन्यात माझ्या बोटांवर इतके काप होते की आई म्हणाली, हेच करायचं होतं तर पदवी कशाला घेतली? माझा पहिला डक्टचा कोपरा सरांनी पंख्याला लावला आणि जोडावर हात धरला. वारा सगळा मध्येच निसटत होता.

"नेताबाई," ते म्हणाले, वर्गात माझं हेच नाव पडलं होतं, "तुमचा वारा भाषणासारखा हाय. निघते जोरात, पोचत कोणालेच नाई."

वर्ग हसला. मीही हसले, पण दोन दिवस ते डोक्यातून गेलं नाही.

मग पाऊस सरल्यावर, आश्विनाच्या उन्हात, दोन थर्मामीटरचा दिवस आला. सारखेच दोन, एकाच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळलेलं. बाहेर वऱ्हांड्यात ठेवले तर ओल्याचा पारा कोरड्याच्या बराच खाली. पाणी उडून जातं आणि जाताना गरमी घेऊन जातं, सर म्हणाले, घामाचंही तेच. मग त्यांनी वर्गाच्या खिडक्या लावायला सांगितल्या, आत एक कूलर ठेवला आणि दार ओढून घेतलं. पंधरा मिनिटं बरं वाटलं. तासाभराने दोन्ही पारे जवळजवळ आले होते आणि आम्ही सगळे गप्प होतो. माझी मान चिकट झाली होती. रुमालाने पुसावी, की पुन्हा तशीच.

"काहून गप झाले?" सरांनी विचारलं. "कूलर तं चालू हाय ना? हवा एकदा पाण्यानं भरली का मंग तुमचा घाम घ्याले तिच्यात जागाच राह्यत नाई. तिले बाहेर जाले रस्ता पायजे."

अंग वाळत नाई. दोन थर्मामीटर लावून जे सरांनी एका तासात दाखवलं, ते मावशीने मला तीन शब्दांत सांगितलं होतं. मी ते खोडून उष्णता लिहिलं होतं.

तास संपल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "खिडक्या कोणत्या अंगाले?"

मला माहीत नव्हतं.

"ड्रायरचा पाइप भिंतीतून जाते का बाहेरून?"

माहीत नव्हतं.

"मंग लिहिलं कायचं?"

मी त्या खोलीवर एक अख्खं पान लिहिलं होतं आणि तिची उत्तर दिशा मला सांगता येत नव्हती. हे इथे लिहायला बरं वाटत नाही, पण दुसऱ्यांच्या चुका मी आजवर चार-चार हजार प्रती काढून वाटल्या आहेत.

दिवाळीनंतर मी मिलमध्ये गेले. हातनिवड पावसाळ्यापासून पुन्हा सुरू होती आणि उन्हाळ्यात ती पुन्हा बंद ठेवायची हे शेठने आधीच बोलून ठेवलं होतं. मला पाहून तो म्हणाला, "आता काय मागता ताई?"

"काही नाही. खोलीत अगरबत्ती लावायचीय."

"लावा. देवाचीच पाळी आली म्हणायची."

अगरबत्तीचा धूर सरळ वर गेला आणि टिनाखाली तरंगत राहिला. खाली आला नाही, कुठे गेला नाही. बाया ताटावरून मान वर करून पाहत होत्या. मग मी ड्रायरकडच्या भिंतीला हात लावला आणि काढून घेतला. गरम हवेचा उघडा पाइप आतल्या बाजूने, बायांच्या डोक्याच्या उंचीवरून गेला होता. म्हणजे त्या खोलीत हीटिंग होतं, रोज, आठ तास, कुणीही न मागता.

"थो तं सुरूपासूनच हाय," मावशी म्हणाली. "आमी पाठ तिकडं करत नाई."

मी काढून नेलेला खोलीचा नकाशा पाहून सरांनी तीन कामं सांगितली. पाइपाला ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, गुंडाळून वर पत्र्याचं आवरण. दक्षिणेच्या भिंतीत वर मोठा एक्झॉस्ट पंखा. आणि उत्तरेच्या खिडक्यांचा पत्रा काढून जाळी, कूलर त्या खिडक्यांच्या बाहेर, सावलीत, बाहेरची हवा ओढणारे. निवडलेली डाळ खोलीत पडू द्यायची नाही, पोतं भरलं की बाहेर.

शेठ कबूल झाला. का झाला ते लिहिलंच पाहिजे. मी बायांबद्दल बोलले तेव्हा तो मोबाईल पाहत होता. ओल खोलीत थांबणार नाही, डाळ खराब होणार नाही, असं म्हणाले तेव्हा त्याने मोबाईल खाली ठेवला. मला तिथेच उठून यावंसं वाटलं. उठले नाही, कारण मावशी बाहेर बसली होती आणि वैशाखात घरी कोण बसणार हे त्या टेबलावर ठरत होतं. पण ज्या देशात वाऱ्याला डाळीच्या नावाने आत यावं लागतं, तिथे पत्रकं लिहिणं थांबवता येईल असं मला वाटत नाही.

माघात मी आणि बॅचमधले दोघं, सर एकदा येऊन पाहून गेले, असं मिळून काम केलं. ग्लासवूलने आठ दिवस हात खाजले. पंख्याच्या भोकाची एक बाजू मी तिरकी कापली, ती आजही तिरकी दिसते.

चैत्रात हातनिवड बंद झाली नाही. वैशाखात, अकोल्यात रस्त्यावर माणूस दिसत नाही अशा एका दुपारी, मी गेले. दोन थर्मामीटर टांगले. पाऱ्यांत अंतर होतं, बाहेरच्याइतकं नाही, पण होतं. टरफलं ताटातून उठून दक्षिणेच्या भिंतीकडे सरकत होती. एक बाई वैतागून म्हणाली, "ताई, तुया पंखा मायं निवडलेलं उडवून राहिला," आणि तिने जागा बदलली. मी बाहेर जाऊन कूलरच्या तोंडाच्या पट्ट्या थोड्या वर वळवल्या.

मावशीला मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने माझं मन राखलं असतं. जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला, आणि पदराने मान पुसायला हात नेला. पुसायला काही नव्हतं. हात तसाच मांडीवर ठेवला.

"गरमी तं हायेच," ती म्हणाली. "पण वारा हाय."

मी वही काढली आणि ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. या वेळी बसमध्ये बसल्यावर त्यात काहीच बदललं नाही.