विहिरीकडचं किरायतं

लग्न होऊन मी वालावलच्या बाजूला सासरी आले, ती पन्नासच्या दशकाच्या अखेरीस. सासरे शेती करत आणि गावाला झाडपाल्याचं औषधही देत. कोणाच्या अंगात बारीक ताप मुरला किंवा भूक मेली की तो आमच्या ओटीवर येई आणि सासरे त्याला सुकवलेल्या किरायत्याची पुडी बांधून देत. हे कडूजहर झुडूप पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या पठारावर, कातळात उगवतं. पहिल्याच वर्षी मलाही त्याचा काढा घ्यावा लागला होता. सकाळी घेतला तर दुपारच्या जेवणापर्यंत जिभेला दुसरी चव कळली नाही.

पुढे एकदा सड्यावरून उतरताना सासऱ्यांचा पाय घसरला. गुडघा असा धरला की चढण कायमची बंद झाली. म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याकडून सड्यावरची रोपं आणवली आणि विहिरीकडे, पोफळींच्या सावलीत लावली. पाणी मी घालत असे. रोपं कमरेएवढी वाढली, पानं रुंद, हिरवीगार. एवढं किरायतं घरात कधीच आलं नव्हतं. सासरे खूश होते.

पण त्या हिवाळ्यात माणसं परत येऊ लागली. पलीकडच्या वाडीतला सुतार तीनदा पुडी घेऊन गेला, तरी त्याचा ताप हटेना. सासऱ्यांनी त्याला कणकवलीच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि त्यानंतर कोणालाच पुडी देईनासे झाले. विचारलं तर एवढंच म्हणाले, "माझ्या हाताचो गुण गेलो, बाय." जेवणावरचं लक्षही उडालं.

मला ते बघवेना. एके सकाळी मी त्यांच्याच साठ्यातला काढा करून घोटभर प्यायले. कडू होता, पण चूळ भरली आणि चव गेली. तशीच कोयता घेऊन सड्यावर गेले. तिथली झुडपं वीतभर, काटकुळी, पानं बारीक. ओंजळभर आणली आणि घरात सावलीत सुकवली. सुकल्यावर विहिरीकडच्या पाल्याचा आणि सड्यावरच्या पाल्याचा, दोन्ही काढे सारख्या मापाचे करून सासऱ्यांपुढे ठेवले. कुठला कुठचा ते सांगितलं नाही.

पहिला काढा त्यांनी शांतपणे घेतला. दुसऱ्याचा घोट घेतला आणि डोळे मिटून बसून राहिले.

"ह्यां खंयचां?" त्यांनी विचारलं.

"सड्यावरचं. तुमच्या हाताला काही झालेलं नाही, बाबा. झाडच मऊ झालंय."

ते हसले. कितीतरी दिवसांनी. मग मात्र त्यांना दम निघेना. मी वेगवेगळ्या जागचं किरायतं आणायचं आणि दोघांनी मिळून चाखायचं, असा आमचा उद्योगच झाला. उघड्या कातळावरचं, काजूखालचं, व्हाळाच्या काठचं. मधे मधे जीभ ताळ्यावर आणायला ओलं खोबरं चघळायचो. उन्हातलं बहुतेक जास्त कडू निघे. कळ्या धरतानाचं एक, बी पडून गेल्यावरचं दुसरंच. आणि एकाच कातळावर शेजारी शेजारी उभी असलेली दोन झाडंसुद्धा सारखी नव्हती. हे मला काही केल्या पटेना. सासरे म्हणाले, "एका आवशीची पोरां तरी सारकी खंय असतत?"

सगळ्यात कडू झाडांना मी लाल दोरा बांधला. त्यांचं बी धरून पुढच्या पावसात घरामागच्या परड्याच्या उघड्या, दगडी बांधावर टाकलं. पाणी अजिबात घातलं नाही. त्यातलं काही उगवलंच नाही, उगवलेल्यातलंही थोडं वाळून गेलं. जे उरलं ते दिसायला अगदी दरिद्री होतं. कळ्या आल्या तेव्हा सासऱ्यांनी एक पान चावलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि मान डोलावली. सड्यावरच्याएवढं कडू नव्हतं, पण विहिरीकडच्यापेक्षा खूपच बरं होतं.

त्यानंतर त्यांनी पुन्हा पुड्या द्यायला सुरुवात केली. मात्र पुडी बांधण्याआधी ते मला हाक मारत. पाला कुठला, कधी तोडलेला, किती घालायचा, हे आम्ही दोघं बोलून ठरवायचो. काही वर्षांनी मीच एकटी पुड्या बांधू लागले, आणि ते बाजूला बसून आलेल्या माणसाशी पिकापाण्याच्या गप्पा मारत.